पिठावरची पावलं

लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आम्ही अख्खा समुद्र ओलांडून उंदीर आणला!

सकाळी चहा ठेवायला बोटीत खाली उतरले, पाहते तर काय, शेगडीपाशी पसरलेल्या पिठावर इवलीइवली पावलं. मागे शेपटीची रेघ. मी कपाळावर हात मारून तिथेच बसले. रात्री फळ्यांवर पीठ पसरायचं आणि सकाळी बघायचं, हा नियम आमच्या शेंडेफळाचा. तो समोरच्या बेटावर एकटा राहून पाखरांची राखण करतो. ती पाखरं जमिनीवरच अंडं घालतात, वर्षाला एकच, आणि भ्यायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. खुशाल बुटावर येऊन बसतात म्हणे. तिथे एक गाभण उंदरीण उतरली की अंडी-पिल्लं संपलीच. शेजारच्या बेटाचं तेच झालं. काल त्याच्या कडेने आलो, तर एका पाखराचा आवाज नाही.

"धक्क्यावर पत्रे काढले होतेत ना?" मी ह्यांना विचारलं.

शिडाची बोट धक्क्याला बांधली की दोरावर गोल पत्रे चढवतात, म्हणजे उंदीर दोरावरून बोटीत येत नाही. ह्यांनी ते रंगवायला काढले होते. पोराला बोट नीटनेटकी दिसावी म्हणून! रंग वाळत ठेवला आणि स्वतः घोरत पडले.

"थोडाच वेळ गं," हे म्हणाले.

"उंदराला काय मुहूर्त लागतो?"

आणखी सुनावणार होते, पण ह्यांचा हात छातीवर गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आहे. खात्री देत नाही म्हणाले, तेही ह्यांच्या तोंडावर. हे एवढंच म्हणाले, आधी पोराला भेटून येतो. रेडिओवर नाही, समोर बसून सांगायचं. त्यासाठी हा सगळा प्रवास. शिडं ओढायची, खाऱ्या पाण्यात भांडी घासायची, तांब्याभर गोड्या पाण्यात अंघोळ उरकायची, डेकवर येऊन पडलेले उडते मासे सकाळी गोळा करायचे. कधी डॉल्फिन बोटीपुढे पळायचे, तेव्हा हे लहान मुलासारखे ओणवे होऊन बघत राहायचे. मला वाटायचं, बघून घेतायत.

रेडिओ खरखरला. "आई, बाबा, दिसलात! पीठ स्वच्छ आहे ना?"

मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. खोटं तर खोटं. मला नाही लाज वाटली.

"नाही रे," हे म्हणाले. "पावलं आहेत."

मग तो म्हणाला, "मग किनाऱ्याला येऊ नका, बाबा. तीन सकाळी पीठ स्वच्छ निघालं की या."

तीन सकाळी! पिंजरा आम्ही लावलाच होता. पण इथे पाणी इतकं खोल की नांगर तळाला पोचत नाही, वारा फिरायला लागला होता, आणि तारीख डोक्यावर. हे म्हणाले, थांबता येणार नाही.

"मग मीच होडी घेऊन येतो. लांबून बोलू."

आला वल्ही मारत. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, सदऱ्यावर पाखरांची शीट. थोड्या अंतरावर थांबला. होडी बोटीला टेकली की उंदीर उडी मारणार, म्हणून टेकवायची नाही, हाही त्याचाच नियम. एक पाखरू त्याच्यामागून आलं आणि होडीच्या काठावर बसून निवांत पंख साफ करू लागलं.

"जेवतोस ना नीट?" मला दुसरं काही सुचेना.

"तुझ्यापेक्षा बरं शिजवतो."

"पुरे शहाणपणा."

तिघंही हसलो. हे मात्र मुद्द्यावर येईनात. पिल्लं केवढी झाली, उडायला कधी लागतील, हेच विचारत राहिले, आणि पोरगं हौसेने सांगत राहिलं. शेवटी म्हणालं, "बरं, पुढच्या वर्षी या निवांत."

"येऊ की," हे म्हणाले.

माझ्याच्याने राहवलं नाही. "कसलं पुढचं वर्ष! अरे, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर खात्री देत नाहीत. तुला बघायला आलेत ते!"

त्याच्या हातातली वल्ही क्षणभर थांबली. मग जोरजोरात मारत तो सरळ आमच्याकडेच आला. रडत होता. पाखरू उडून गेलं. नियम गेला खड्ड्यात म्हणून मी कठड्यावरून दोन्ही हात पुढे केले.

ह्यांनी होडी अडवायची लांब काठी उचलली आणि तिचं टोक त्याच्या होडीला लावलं.

"मागे हो."

"बाबा, एकदाच..."

"तिकडे पिल्लं आहेत तुझी. मागे हो म्हणतो ना!"

पोराने काठीचं ते टोक धरलं. हे ह्या टोकाला, तो त्या टोकाला. कुणीच सोडेना. "अहो, येऊ द्या हो त्याला," म्हणत मी ह्यांचा दंड ओढला. आयुष्यात या माणसाने पोरावर कधी हात उचलला नाही. त्यांनी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला आणि होडी लांब ढकलून दिली.

मग खाली बसले. "शीड तू चढव," म्हणाले, "माझ्याच्याने आता होणार नाही."