श्री पती, मध्ये जागा सोडून

नवरा जाऊन वर्ष होत आलं, तरी ताराबाई रडल्या नव्हत्या. त्यांची जाऊ सोनूबाई आली की दरवेळी म्हणायची, "बाई, हे बराबर न्हाई. एकदा मोकळी हो."

"मोकळीच हाय की. काम सरलं का बसूनच ऱ्हाते," ताराबाई म्हणायच्या आणि मेथी निवडायला घ्यायच्या.

अंगाखाली दबून बधिर झालेला हात आपलाच असून आपला वाटत नाही. त्यांना सगळंच तसं वाटायचं. जेवण, ऊन, माणसं, सगळंच.

एकच गोष्ट त्यांना हवी होती. नवऱ्याचा आवाज. फोटो पुष्कळ होते, पण आवाज कुठंच नव्हता. नवऱ्यानं जन्मभर बस चालवली. आजारी पडायच्या आधी जालन्याहून दोन पोरं माईक घेऊन अंबडला घरी आली होती, जुन्या ड्रायव्हरांच्या गोष्टी विचारायला. पॉडकास्टवर टाकू म्हणाली. कोणत्या, ते कुणी विचारून घेतलं नाही. तो आवाज एकदा कानावर पडला तर आत काहीतरी हलेल, असं ताराबाईंनी मनाशी धरलं होतं.

सून जान्हवी घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायची. कोणत्या पॉडकास्टवर कोण काय बोलतं, याचा शोध ठेवायचं काम. कॉम्प्युटरवर तिच्या याद्या असायच्या. शेतीचे पॉडकास्ट एका यादीत, औषधपाण्याचे दुसऱ्या, ऐकून झालेले तिसऱ्या. एखादा शब्द नेमून दिला की मशीन सगळ्यांचं बोलणं अक्षरांत उतरवायचं आणि तो शब्द आला की ती ओळ दाखवायचं. तिनं एक नवी यादी केली, तिला 'आई' नाव दिलं आणि जालना-अंबडकडचे मिळतील तेवढे पॉडकास्ट त्यात टाकले.

"आई, शब्द कोणता देऊ?"

"तूच दे. मी त्यांचं नाव घेत न्हाई."

"लग्नात उखाणा घेतला असेल ना?"

"तेवढ्यापुरतं."

जान्हवीनं स्वतःच नाव टाकलं. मग रोज काही ना काही यायचं. त्याच नावाचा कुणी ज्योतिषी, कुठलं तेलाचं दुकान, एखादा गायक. हे मात्र नाहीत.

एका दुपारी जान्हवी कणीक मळत होती आणि कॉम्प्युटर वाजला.

"आई, काय आलंय बघा. माझे हात भरलेत."

पन्नाशीनंतर रात्रीच्या वर्गात ताराबाई अक्षरं शिकल्या होत्या. अजूनही त्या बोट लावून, तोडत तोडत वाचायच्या. त्यांनी पडद्यावरच्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं.

"श्री... पती."

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, आपण काय वाचलं ते. त्यांनी पदर तोंडाला लावला.

जान्हवी पिठाच्या हातांनी तशीच दारात उभी राहिली. "परत म्हणा."

"न्हाई."

"अहो, मशीननंही असंच तोडलं असेल. एक शब्द न लिहिता दोन लिहिले असतील."

तिनं हात धुतले आणि मध्ये जागा सोडून नाव टाकलं. ओळ आली. 'आज आपल्यासोबत आहेत श्री पती.'

"मिस्टर नवरा लिहिलंय," जान्हवी म्हणाली.

"बराबरच लिव्हलं की."

जान्हवीनं लावलं. आधी खोकला, मग तो घसा, तो लांबवलेला 'मंग'.

"मंग काय, वडीगोद्रीच्या पुढं चिखलात गाडी रुतली. पॅसेंजर म्हणले, डायवर, उतरायचं का? म्हणलं उतरा, ढकला, आन तिकिटाचे पैसे मागू नका."

ताराबाई वाट बघत बसल्या. आवाज नवऱ्याचाच होता, बिलकुल त्यांचा. जान्हवीचे डोळे भरले, ते त्यांनी पाहिलं. पण आत काही हललं नाही. स्टँडवर बसलं असताना दुसऱ्याच गावच्या गाडीची घोषणा ऐकू यावी, तसं झालं. म्हणजे यातही काही नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. "डायवरसाहेब, गाडी मागून ढकला. च्या थंड होऊन राह्यला." आणि ती बाई मोकळ्या गळ्यानं हसली. पोरंही हसली.

"बघा, ही आमची कंडक्टर," ते म्हणाले. "हिनं घंटी दिल्याबिगर हलता येत न्हाई."

"ही कोण गं?" ताराबाईंनी विचारलं.

जान्हवी त्यांच्याकडे बघत राहिली. "आई, तुम्हीच की."

"मी अशी हसत होते?"

"रोज."

तिकडे नवरा जालन्याच्या स्टँडबद्दल सांगत होता. ताराबाईंनी हातानं खूण केली, तसं जान्हवीनं थांबवलं.

"पहिल्यापासून लावू?"

"न्हाई," ताराबाई म्हणाल्या. "त्या बाईपासून लाव."