बिनतारी महाराजांची तांब्याची वाटी

कीऽऽ... खर्रर्र... टिंग टिंग... कीऽऽ!

कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यातून हा आवाज निघाला आणि डोणगावच्या त्या गोदामात दाटीवाटीनं बसलेल्या शे-दीडशे माणसांनी एकदम हात जोडले. कुणी हुंदके द्यायला लागलं, एक बाई तर आडवीच झाली.

"आत्मा उतरून राह्यला!" बिनतारी महाराज गरजले. "हालू नका! खोकू नका! वरच्या लोकाची लाइन लय नाजूक असते!"

वरच्या लोकाची लाइन म्हणे! शिसारी आली मला. २००१ सालची ही गोष्ट. मी मेहकरला टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते, आणि हा आवाज मी दिवसातून दहा वेळा ऐकत होते. दोन कॉम्प्युटर फोनवरून एकमेकांशी जोडले गेले की त्यांचे मोडेम असेच किंचाळतात. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला फोनवर बोलता यावं म्हणून लावलेलं यंत्र. त्यात आत्मा नाही, बित्मा नाही.

पण हे सांगायचं कुणाला? महाराजांना साक्षीदारच असा तगडा मिळाला होता. बँकेतून निवृत्त झालेले जानराव. गावातला शिकलेला माणूस! ते दर दरबाराला उठून सांगत, "म्या बँकेत मोडेम पाह्यला हाये. एवढा डबा असते, त्याले लाल दिवे असतात, अन् जाड केबल कॉम्प्युटरच्या मागं लागते. इथं म्या स्वतः मागं वाकून पाह्यलं. केबल लावाची दोन भोकं, म्हंजे पोर्ट, हायेत. एकात माऊस हाये, दुसरा रिकामा. मंग मोडेम कुठी हाये सांगा!"

लोक माना डोलवायचे. अडाणी माणूस निदान "मले समजत नाई" म्हणतो. अर्धवट शिकलेला छातीठोकपणे चुकतो, आणि सोबत गावाला घेऊन बुडतो.

मी तिथं गेले ती सुचितासाठी. माझ्या क्लासची विद्यार्थिनी. चार महिन्यांपूर्वी तिचा नवरा हरिओम तापानं गेला, पदरी दोन वर्षांची समीक्षा. सासू वच्छलाबाई पोराच्या दुःखानं अर्धी झालेली. थोरला मुलगा इंद्रभान, म्हणजे सुचिताचा भासरा, मेहकरात एसटीडी बूथ आणि कॉम्प्युटर चालवायचा. त्यानंच आईला महाराजांचं नाव सुचवलं. मागच्या गुरुवारी पडद्यावर हरिओमचा "निरोप" आला होता: "आई, मले तापानं नाई, घरातल्या माणसानं मारलं. नाव पुढच्या गुरुवारी सांगतो."

दुसऱ्याच दिवशी सुचिता माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"वंदनाताई, गुरुवारी माहंच नाव येते. मले पोरीसकट बाहेर काढतीन. आतापासूनच आत्याबाई माह्या हातचं पानी पेत नाईत."

"तुला काय वाटतं गं? हरिओम बोलला?"

"अवो, इंग्रजी अक्षरात मराठी लिहून येते तिथं. त्यांले तर मराठीत सही कराले पाच मिनिटं लागत!"

मग मी तिला बारीकसारीक सगळं विचारलं. आवाज कसा येतो, कोण कुठं बसतं, काय मना आहे. ती म्हणाली, "आवाज झाला का महाराज माऊसवर तांब्याची वाटी पालथी घालतात. तिले कोनी शिवाचं नाई. शिवलं तं आत्मा भटकते म्हनतात."

मी कपाळावर हात मारून घेतला, पण हसूही आलं. ही वाटी कशासाठी ते मला पक्कं कळलं होतं. माझ्या क्लासच्या एका जुन्या कॉम्प्युटरनं याच दुखण्यानं मला आठ दिवस रडवलं होतं. मी सुचिताला म्हटलं, "वाद घालू नकोस, रडू नकोस. नाव यायला लागलं की वाटी उचल आणि माऊस हलव. बाकीचं मी बघते."

तर तो गुरुवार. महाराजांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "पडदा म्हंजे मृत्युलोकाचा आरसा! अन् कीबोर्डच्या ह्या कळा म्हंजे चौऱ्यांशी लक्ष योनी!"

"एकशे चार आहेत, महाराज," मी मागून म्हटलं. "मोजून बघा." दोन-चार जणांनी माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. महाराज वाचत होते, "आई... मले मारनारं... मानूस... तुह्या बाजूलेच..."

वच्छलाबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. त्या नजरेची मला आजही चीड येते. सुचिता उठली. तिनं वाटी उचलून बाजूला ठेवली आणि माऊस गरागरा फिरवला.

अक्षरं जागच्या जागी थांबली.

"सत्यानाश!" महाराज किंचाळले. "आत्मा तुटला! पाप लागन, पाप!" आणि घाबरून त्यांनी डब्याचं बटण दाबून तो बंदच करून टाकला.

लोक सुचितावर धावले. मी मधे घुसले, टेबलामागच्या झेंडूच्या माळा ओढून काढल्या. खाली करदोड्याएवढी बारीक वायर. ती डब्याच्या मागून निघून भिंतीजवळच्या कापडी पडद्याआड गेली होती. पडदा फाडला, तर स्टुलावर साधा काळा फोन. आणि तेवढ्यात तो वाजला.

सुचितावर धावलेले लोक फोनकडे वळले. मी फोन उचलला, दोन शब्द ऐकले आणि काही न बोलता तो वच्छलाबाईंच्या कानाला लावला.

पलीकडचा माणूस बोलतच होता. वच्छलाबाईंचं तोंड उघडं पडलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "इंद्रभान?"

फोन कट.

"काय म्हने तो?" जानरावांनी विचारलं.

"म्हने, लाइन काऊन तुटली महाराज..." म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. "म्हने, सुचिताचं नाव टाकाचंच राह्यलं. ते नाव आलं नाई तं हरिओमच्या हिश्शाचं वावर मले कसं भेटन."

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि सगळ्यांसमोर डबा उघडला. आतलं हिरवं कार्ड दाखवलं. "हा मोडेम. तो नेहमी बाहेरच्या डब्यातच नसतो, आतही असतो. जानरावकाका, याला तुमचा मागचा पोर्ट लागत नाही, कारण याचा पोर्ट याच कार्डावर आहे. कॉम्प्युटर याला तिसरा पोर्ट समजतो. बाहेरून लागते ती फक्त फोनची वायर. पलीकडे मेहकरला इंद्रभान टाइप करत होता, इथं तुम्ही पाया पडत होता."

"मंग वाटी कायले?" कुणीतरी विचारलं.

"माऊस पहिल्या पोर्टवर, मोडेम तिसऱ्या. कॉम्प्युटरला हाक मारायला या दोघांत घंटा एकच. दोघांनी एकदम वाजवली की त्याला कळत नाही कुणाचं ऐकावं, आणि तो अडकतो. कार्डावरची एक बारकी टोपी काढून दुसरीकडे बसवली असती तर भागलं असतं. पण या महाराजाला ते कुठं ठाऊक? माऊस हलला की बंद पडतं, एवढंच त्याला कळलं. म्हणून माऊसवर वाटी झाकली आणि तुमच्यासाठी त्याचा नेम केला. हा ठक स्वतःच डब्याला भिऊन होता!"

महाराज तोवर मागच्या दारानं निघाले होते, पण लोकांनी धरले. जानराव खाली मान घालून पुटपुटले, "म्या तं मागून पाह्यलं होतं..."

"मागून पाहून भागत नाही, काका. उघडून पाहायचं. चार स्क्रू असतात फक्त. आणि उघडू देत नसेल कुणी, तर तिथंच समजायचं की आत काहीतरी लपवलंय."

वच्छलाबाई हळूहळू सुनेजवळ गेल्या. "माह्या दोन्ही लेकराईले म्या ओयखलं नाई," त्या म्हणाल्या. "मेलेल्यालेबी नाई, जित्यालेबी नाई. मले पानी दे, सुचिता."

सुचितानं लगेच दिलं नाही. आणि ते बरोबरच होतं. मग तिनं तांब्या भरून आणला. म्हातारीनं तो तिच्याच हातून घेतला आणि घटाघटा प्याली.

बाहेर अजून रांग होती. नारळ, फुलं, मेलेल्यांचे फोटो घेऊन माणसं ताटकळत होती. वच्छलाबाई दारात थांबल्या.

"जा घरी," त्या म्हणाल्या. "मेलेलं मानूस कोनाचं नाव घेत नाई, बापहो. घेते ते जितंच असते. त्याचं नाव इचारा."