रांगोळीतले बाण

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता शेणवे गावापलीकडच्या वाडीत रखमीचं घर रिकामं सापडलं. रखमी नव्हती आणि तापाने फणफणलेली तिची लेक मीनाही नव्हती. मीनासाठी गोळ्या घेऊन आलेली रश्मी दारातच थबकली.

रश्मी आसनगावची, आरोग्य खात्याने तापाच्या पाहणीवर नेमलेली. वाडीत पंधरवड्यात अकरा बाया पडल्या होत्या. कोण कुणाच्या संगतीत होतं ते लोकांसमोरच काढावं, चुका लोकच दुरुस्त करतात, असं तिला प्रशिक्षणात शिकवलेलं. म्हणून गेल्या बुधवारी तिने शाळेच्या अंगणात रांगोळीने घरं काढली, आजारी बाईच्या घरावर खडा ठेवला आणि “तापाआधी कुणाबरोबर होतीस?” असं एकेकीला विचारत बाण ओढले. अकराही बाण रखमीच्या घराशी टेकले. गवत कापायला सगळ्यांना तीच रानात नेई.

इतकं स्वच्छ चित्र क्वचितच मिळतं. रश्मी हरखली, फोटो साहेबांना पाठवून चारच्या जीपने निघाली. रांगोळी पुसायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

“दोन दिस सगली येऊन बघत व्हती,” रिकाम्या घरापाशी आलेला वाडीचा जाणता भगीरथ आता म्हणाला. “मंग रखमीला कुनी विहिरीवर पानी भरू देयना.”

“अहो दादा, हा ताप माणसाचा माणसाला लागतच नाही! गवतातला बारीक किडा चावतो. काल रिपोर्ट आला.”

“काल?” भगीरथ हसला. “रांगोली तर बुदवारी काढलीत. आन् ताई, ती तुमीच काढलीत, आमी नाय.”

“गेली ती बरी गेली,” कमळू म्हणाली. ती त्या अकरांतलीच. “ती गेली न् माजा ताप उतारला.”

रश्मीने सवयीने विचारलं, “ती कधी गेली?”

“शनवारी.”

“आणि ताप कधी उतरला?”

“सुक्करवारी.”

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मीनाच्या तापाचा तो दहावा दिवस. गोळ्या वेळेत मिळाल्या तर माणूस सहज वाचतं. नाहीतर मूत्रपिंडं जातात. रखमीचा फोन बंद होता.

दुपारी दीडला एवढंच कळलं: शनिवारी आटगावच्या फलाटावर दोघी दिसल्या होत्या. मीना आईच्या खांद्यावर मान टाकून बसली होती. दोन्हीकडच्या गाड्या येऊन गेल्या. कुठल्या गाडीत त्या चढल्या, ते कुणी पाहिलं नाही.