रोडीची अकरा झाडं

पॉपलरची साल वर्षातून तीनच आठवडे धड सुटते. वसंतात रस वर चढला की बुंध्याला खालीवर खाच घ्यायची, लाकडी पाचर सारायची, की माणसाएवढा सालीचा अखंड पत्रा अलगद हाती येतो. ते दिवस हुकले की वर्ष हुकलं. म्हणून सालीनं मढवायच्या नव्या घराचं बाकी सगळं काम रोडीनं हिवाळ्यातच उरकलं होतं. तिच्या जुन्या घराचे वासे बुडाशी कुजले होते आणि तिची लेक डॉर्कस पोटुशी होती. बाळ नव्या घरात जन्मावं, एवढीच रोडीची इच्छा.

सांगाडा उभारायला तिचा धाकटा भाऊ इसम होता. देवीच्या साथीत आईबापांच्या घरची नऊ माणसं गेली, त्यातून ही दोन भावंडं तेवढी उरली होती. बर्फात त्यानं तिच्याबरोबर खड्डे खणले. हिकरीच्या झाडांची कोवळी खोडं दोन बाजूंनी रोवून, दोघांनी समोरासमोरून वाकवून शेंडे एकमेकांना बांधले. पानगळीत नदीपलीकडच्या राईतली झाडंही दोघांनी मिळूनच निवडली होती.

"सगळ्यांत सरळ कुठली गं, ताई?" इसमनं विचारलं होतं.

रोडीनं हात फिरवून, बुंधे ठोकून अकरा झाडं हेरली आणि प्रत्येकाला गवताची दोरी बांधली.

पुढे नदी चढली. "तू नको येऊस पाण्यातून, मीच बघून येतो," इसम म्हणाला. दोनदा तो जाऊन आला. "झाडं झकास आहेत," म्हणाला. रोडी घरी बसून बोरूच्या चटया विणत राहिली.

पाणी उतरल्यावर मायलेकी कुऱ्हाड आणि पाचरी घेऊन होडीनं पलीकडे गेल्या. राईत अकरा बुडखे होते. बरोब्बर अकरा, शेजारच्या वाकड्या झाडांना कुणी हातही लावला नव्हता. रस चढायच्या आधीच तोडलेली झाडं, त्यामुळे साल लाकडाला घट्ट. तासून तासून तिचे तुकडे पाडलेले. त्या ढलप्यांत बैलांच्या खुरांनी तुडवलेल्या तिच्या दोऱ्या पडल्या होत्या.

"गोऱ्यांचं काम. आपल्या लोकांत बैल आहेत कुणाकडे?" डॉर्कस म्हणाली.

ओंडके ओढत नेल्याची वाट चिखलात स्पष्ट होती. तिच्यावरून दोघी ओढ्यापर्यंत गेल्या. तिथे ओंडक्यांच्या चार भिंती छातीइतक्या वर आल्या होत्या. खाली दोन गोरे शेजारी बैल सोडत होते, आणि भिंतीवर मांड ठोकून इसम खाच पाडत होता.

तिला पाहून त्याची कुऱ्हाड थांबली. तो खाली उतरला.

"ताई, अगं, मी सांगणारच होतो."

"कधी?"

"सालीचं घर पाच-सहा वर्षांत कुजतं. हे माझं ओंडक्यांचं घर नातवंडांपर्यंत टिकेल. ह्यांनी बैल दिले, मी राई दाखवली. आणि एक कोपरा तुझा आहेच की. तुझा आणि डॉर्कसचा."

"पानगळीतच का नाही सांगितलंस?"

इसमनं कुऱ्हाडीच्या पात्याला चिकटलेली ढलपी काढली. मग म्हणाला, "सांगितलं असतं, तर झाडं दाखवली असतीस का?"

झाडं गेल्याचं दुःख तिनं वाटेतच गिळलं होतं. पण तो 'ताई, ताई' करत तिच्यामागून राईभर हिंडला, तेव्हाच हे त्याच्या मनात होतं.

"आणि खड्डे? बर्फात हात फुटेस्तोवर खणलेस ते?"

"तुला संशय येऊ नये म्हणून... म्हणजे, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मामा, गप्प बस आता," डॉर्कस म्हणाली. "बोलशील तेवढा आणखी खोलात जाशील."

उरलेले दिवस दोघींनी पाइनची साल काढली. आखूड पत्रे, चिकट, कडेला चिरणारे. जुन्या घराच्या वरच्या बाजूची धड साल उतरवली. तरी उत्तरेची बाजू उघडीच राहिली, तिथे चटयांचे तीन थर बांधले. चौथ्या दिवशी इसम खांद्यावर सालीचे दोन मोठे पत्रे घेऊन आला. कुठून तरी लांबून आणले असावेत. पाय रक्ताळले होते.

"दोरी दे, मी वर चढून बांधतो. तुझे गुडघे दुखतात."

"खाली ठेव."

"ताई, एवढं तरी करू दे."

"पत्रे घेते मी. तू चढायचं नाहीस."

तो पत्रे खाली ठेवून गेला. पत्रे रोडीनं स्वतः बांधले. नव्या घरातली पहिली चूल बहिणीसाठी भावानं पेटवायची, ही त्यांच्या घरची रीत. ती तिनं स्वतःच पेटवली. नव्या पाइनचा राळेचा वास घरभर भरला होता. डॉर्कसला मुलगी झाली तेव्हा उत्तरेकडून पाणी गळत होतं, आणि रोडी एका हातानं मडकं धरून दुसऱ्या हातानं लेकीची पाठ चोळत होती.

मका निघाल्यावर इसम आला. दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, म्हणून रोडीनं त्याला घेवडा घातलेली मक्याची भाकरी आणि हरणाचं मटण दिलं. पण बाहेर, ओट्यावर. आत ये म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला तसा त्याचा घास हातातच राहिला.

"नाव काय ठेवलंत?"

"डॉर्कसला विचार," रोडी म्हणाली. "ती नदीवर गेलीय, मडक्यांसाठी माती आणायला. यायला उशीर होईल."

आणि बाळाला घ्यायला ती आत गेली.