रविवारचा बिघाड

घरातली एखादी वस्तू बिघडली की आमच्या मास्तरांना बरं वाटतं, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं. वस्तू आपणहून बिघडली नाही, तर ते ती उघडून बघतात, म्हणजे मग बिघडते. मिक्सर झाला, पंखा झाला, शेजारच्या आशाबाईंची शिलाई मशीनही झाली. आशाबाई आता मशीन बंद पडली तरी आमच्या घरी पत्ता लागू देत नाहीत.

रंगराव मास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होऊन अमडापुरात घरी बसले, पण शिकवणं काही सुटलं नाही. फरक एवढाच की आता वर्गात मी एकटीच असते. दसऱ्याला मी विळा, भाजी चिरायची पावशी, स्कूटर यांना हळदकुंकू वाहते, तेव्हा हे दारात उभे राहून विचारतात, "लोखंडाले काय समजते, कोकिळा?" दरवर्षी विचारतात. मीही दरवर्षी "तुमच्याइतकं समजते" असं म्हणते आणि अक्षता टाकते.

आमचा मुलगा हरिओम बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बापलेकाचं भांडण नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान बोलले तरी असते. दर रविवारी दुपारी फोन यायचा.

"जेवले का बाबा?"

"हाव. तू?"

"हाव. पानी पडलं का?"

"पडलं थोडंसं. घे, तुह्या मायले देतो."

एवढं बोलून मास्तर फोन माझ्या हातात कोंबायचे आणि पेपर उघडून बसायचे. मी पोराशी बोलत असेपर्यंत त्या पेपरचं पान काही उलटायचं नाही. मला त्या पानाचा राग यायचा. जगाला पिडेल इतकं बोलणं या माणसाकडे आहे, आणि पोटच्या पोराशीच चार शब्द सापडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटायचं. तिकडे पोरगाही तसाच. मला विचारायचा, "बाबा बरे हायेत ना?" अरे, आत्ता बोललास ना त्यांच्याशी!

आतल्या खोलीत हरिओमचा जुना कॉम्प्युटर होता. तो दहावी झाला तेव्हा घेतलेला, मागे ही भली मोठी ढेरी असलेल्या मॉनिटरचा. गल्लीतला पहिलाच. पाय धुतल्याशिवाय मास्तर कुणाला त्या खोलीत जाऊ देत नसत. पुढे पोरगा शिकायला गेला आणि कॉम्प्युटरवर चादर पडली. भंगारवाला आला की मी त्या चादरीकडे बघायचे आणि मास्तर माझ्याकडे बघायचे, म्हणून तो वाचला.

या आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, हरिओम घरी आला, त्यानं ती चादर काढली, धूळ झटकली आणि सोबत आणलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स टाकलं.

"हे काय असते बे?" मास्तर म्हणाले.

"आताचं विंडोज या मशीनले झेपत नाही, बाबा. हे हलकं असते, फुकट असते. आन् आतलं सगळं उघडून पाहता येते."

उघडून पाहता येतं म्हटल्यावर मास्तरांचे डोळे असे लकाकले, की मी मनातल्या मनात त्या लिनक्सची कीव केली.

हरिओम परत गेला. उन्हाळ्याचे दिवस, गावभर कूलर लागले की आमच्याकडे लाइट कमीजास्त होते. मशीनला झटका बसू नये म्हणून मास्तरांनी चिखलीहून स्टॅबिलायझर आणला. पाट्यावरवंट्याच्या वजनाचा तो डबा त्यांनी टेबलावर मॉनिटरला अगदी खेटून ठेवला आणि मशीन सुरू केली. पडद्यावरची अक्षरं हलायला लागली. एका जागी ठरेचनात.

रविवारी फोन आला.

"जेवले का बाबा?"

"जेवलो. हे पाहाय, तुहं लिनक्स हालून राह्यलं!"

मी फोन घ्यायला हात पुसत आले होते. तशीच उभी राहिले, मग परत गेले, चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला. फोन काही माझ्याकडे आला नाही.

तेव्हापासून दर रविवारी हेच. मास्तर व्हिडिओ लावून फोन पडद्यासमोर तांब्याला टेकवून उभा करायचे, हरिओम तिकडून चित्र बघायचा आणि काहीतरी बदलायला सांगायचा. पडदा सेकंदात किती वेळा उजळायचा तो आकडा बदलला की थरथर जायची आणि हेलकावे यायचे. पुन्हा बदलला की हेलकावे जाऊन थरथर यायची. एकदा मास्तरांनी स्वतःच्या अकलेनं कुठलासा आकडा घातला, तर पडदा पार काळाच झाला. मग तो आठवडाभर काळाच होता, आणि मास्तर रविवारची वाट बघत घरभर फिरत होते. मला म्हणाले, "यात तुले समजनार नाही." मी म्हटलं, "तुम्हाले समजलं म्हनूनच तं काळा झाला!"

खरी गंमत वेगळीच होती. प्रत्येक बदलानंतर मशीन बंद करून सुरू करावी लागे, आणि ती म्हातारी सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की माझी भाकर थापून, भाजून, टोपल्यात पडायची. तेवढा वेळ बापलेक काय करणार? बोलायचे. सोयाबीनला भाव काय, तुझ्या पाठीचं दुखणं कसं आहे, तो तुझा साहेब अजून तसाच खेकसतो का. एकदा हरिओम म्हणाला, "बाबा, मी तुमच्या वर्गात होतो तवा तुमी मलेच जास्त मारत होते." मास्तरांनी कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "हाव. लोकाइनं म्हटलं असतं, मास्तर पोराले झुकतं माप देते." इतक्या वर्षांत हे त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी चुलीशी उभी होते, डोळ्याला पदर लावला. धूर नव्हता, गॅसच आहे आमच्याकडे.

दसरा आला. "मशीनजवळ कुंकू आनू नको," अशी ताकीद मला आधीच मिळाली होती. मी म्हटलं, नको तर नको. विळा, पावशी, स्कूटर एवढ्यांची पूजा केली आणि आशाबाईंकडे सोनं द्यायला गेले. परत आले तर मास्तर आतल्या खोलीतून फार घाईनं बाहेर आले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून कीबोर्डही बिनसला. डब्ल्यू दाबला की पडद्यावरची खिडकी बंद व्हायची. पी दाबला की मशीन प्रिंटर मागायची, जो आमच्याकडे कधीच नव्हता. एस दाबला की म्हणायची, कुठे ठेवू सांगा. साधं नाव लिहायची सोय राहिली नाही. त्या रविवारी बापलेकांचं बोलणं दिवेलागणीपर्यंत चाललं. मास्तरांचा चेहरा इतका फुललेला होता, की दारावरून जाणाऱ्या गल्लीतल्या माणिकरावांनी मला विचारलं, "वहिनी, पोराचं लग्न जमलं काय?"

दिवाळीच्या आधी मी घर साफ करायला काढलं. मास्तर चिखलीला बाजाराला गेले होते. टेबल पुसायचं म्हणून मी तो स्टॅबिलायझर दोन्ही हातांनी उचलून पार पलीकडच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला. कीबोर्ड उलटा करून झटकला, तर शेंगदाण्याची टरफलं पडली, मिशीचे केस पडले. डाव्या कोपऱ्यातलं कंट्रोल असं लिहिलेलं बटण मात्र खालीच दबलेलं. केसातली पिन काढून मी फटीत घातली, उचकलं, आणि टप्पकन एक दाणा माझ्या पदरात पडला.

तांदळाचा. कुंकवानं लाल झालेला.

मी पुजलेल्या वस्तूंत हा कीबोर्ड नव्हता. घरात दुसरं माणूस नव्हतं. मला इतकं हसू आलं की मी तिथंच फरशीवर बसले. लोखंडाले काय समजते म्हणे!

मग मशीन सुरू करून बघितली. अक्षरं जागच्या जागी, भिंतीवर लिहिल्यासारखी स्थिर. माझं नाव लिहून पाहिलं, खिडकी बंद झाली नाही, प्रिंटर मागितला नाही. मला वाटलं, मास्तर आले की खूश होतील.

मास्तर आले, पिशवी ठेवली, खोलीत डोकावले. पडदा बघितला. खुर्चीवर बसून एक एक बटण दाबून पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं झालं." चहा अर्धाच घेतला. मी त्या माणसाबरोबर जन्म काढला आहे. बरं झाल्याचा चेहरा कसा असतो, ते मला माहीत आहे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी नुसती मशीन नव्हती दुरुस्त केली, त्या दोघांचा रविवार मोडून ठेवला होता. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी फोन वाजला. मी दाराआड उभी.

"काय म्हनते मशीन, बाबा?"

मास्तरांनी समोरच्या स्थिर पडद्याकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "हालूनच राह्यली!"

"दाखवा बरं."

"आज व्हिडिओ लागत नाही. नेट बरोबर नाही."

उभं आयुष्य पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेला माणूस हा.

सोमवारी मास्तर अंघोळीला गेले असताना हरिओमनं मला फोन केला. इकडचं तिकडचं नाही, सरळ म्हणाला, "आई, काल बाबानं पडदा दाखवला नाही. तू तो स्टॅबिलायझर हलवला काय?"

"हाव. काऊन रे?"

"परत तिथंच ठेव. त्याच्यानंच पडदा हालते. त्याच्यात मोठा ट्रान्सफॉर्मर असते, त्याच्या बाजूले हा मॉनिटर ठेवला की हालतेच."

"तुले कवा समजलं?"

"पहिल्याच रविवारी. व्हिडिओत दिसला ना मले."

"मंग इतके दिवस त्यायले आकडे बदलाले लावून राह्यला? सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तं बाबा काय म्हनले असते, आई? 'बरं. घे, मायले देतो.'"

तोच पुढे म्हणाला, "अन् कीबोर्डचंही मले समजलं होतं. कंट्रोल दबून राह्यलं. मी विचारलं बाबाले, नीट पाहा बरं, ते बटन अडकलं तं नाही ना? बाबा म्हने, पाह्यलं, एकदम मोकळं हाय."

"मोकळं हाय म्हनाले?"

"हाव. शप्पथ घेऊन."

मी फोन ठेवला आणि स्टॅबिलायझर उचलायला आतल्या खोलीत गेले. तर मास्तर टॉवेलावर, ओल्या अंगानं, तो धोंड्यासारखा डबा पोटाशी धरून टेबलाकडे चाललेले. मला बघून जागीच थांबले.

"हे काय करून राह्यले?"

"खाली ओल लागते याले."

"ओल? पाऊस जाऊन महिना झाला!"

मास्तरांनी डबा मॉनिटरला खेटून ठेवला, कंबर धरून सरळ झाले आणि बटण दाबलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. म्हातारीनं तिचा वेळ घेतला. मग पडदा उजळला आणि अक्षरं छानपैकी डोलायला लागली.

मी देवघरात गेले. वाटीतून कुंकवाच्या अक्षतांचे दोन दाणे घेतले आणि आणून त्यांच्या कीबोर्डवर, डाव्या कोपऱ्यात ठेवले.

मास्तर त्या दाण्यांकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. मग चिमटीत एक दाणा उचलून त्यांनी माझ्या तळहातावर परत ठेवला.

"एकच पुरते," म्हणाले.