मिक्सर वापस

कोराडीच्या क्वार्टरमध्ये मिक्सर आला तोच मुळी अटीवर. आठवडाभर वापरून बघा, नाही आवडला तर परत आणा, असं बर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराने कबूल केलं होतं. आणि रुख्मिणीच्या सासूबाईंना, जिजाबाईंना, तो डब्यातून निघायच्या आधीच आवडला नव्हता.

"पाट्यावरच्या चटणीची सर हाय का त्याले?" त्या म्हणायच्या, आणि घरघर सुरू झाली की कानावर पदर घेऊन व्हरांड्यात जाऊन बसायच्या.

मुदत उद्या संपणार, आणि आज रुख्मिणीने रेशन घेऊन आल्यावर मिक्सर लावला तर तो नुसता गुरगुरायला लागला. पातं जागचं हलेना. आता पुन्हा तो पाटा आणि पुन्हा ती कंबर.

"म्या म्हटलं नव्हतं?" जिजाबाई म्हणाल्या. पण नेहमीचा जोर नव्हता त्यात.

तिचे यजमान मधुकरराव ड्यूटीवरून आले. वीजघरातला माणूस, त्याच्यापुढे मिक्सर म्हणजे काय? त्यांनी भांडं बाजूला सारलं, पेपर अंथरला आणि मोटार उलटी करून खोलली.

"मोटारीतच हाय बिमारी."

"अहो, पण भांडं…"

"तू चहा मांड वं."

चहा झाला, मोटार पुन्हा जोडून झाली. भांड्याशिवाय ती मजेत फिरे. भांडं बसवलं की गुर्र. तरी मधुकरराव संशयाने मोटारीकडेच बघत बसले. मोठं यंत्र सोडून बिघाड भलतीकडे कशाला जाईल?

रुख्मिणीने भांडं उचलून नेलं आणि पात्याखाली बोट घातलं. चिकट. वास घेतला: गूळ. वर शेंगदाण्याचं लाल टरफल. तिने तर आजवर त्यात मिरच्या आणि खोबरंच वाटलं होतं. दात गेल्यापासून गूळदाण्याचा कूट घरात एकच माणूस खायचं.

तिने वळून पाहिलं. जिजाबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

रुख्मिणीने भांड्यात कढत पाणी ओतलं. गूळ विरघळला, पातं जरा अडखळलं आणि सुटलं. पाणी तांब्यात काढून, पात्याखाली तेलाचा थेंब सोडून तिने बटण फिरवलं. घर्रर्र.

"काय झालं होतं?" मधुकररावांनी विचारलं.

"काई नाही. जरा आखडलं होतं," म्हणत तिने गुळाचं पाणी मोरीत ओतून दिलं.

"मोटार साफ केली ना म्या, म्हणून सुटलं."

"हो ना."

"पण आईले पसंत नाही, तं नेतो उद्या वापस."

"चालून राहिला तं काहून नेतं गा?" जिजाबाई कॅलेंडरकडे पाहतच म्हणाल्या. "राहू दे एका कोपऱ्यात."

मधुकरराव हातपाय धुवायला गेले. तशा जिजाबाई ओट्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तो एवढा काहून अडला असन वं?"

"पयले नुसते दाने फिरवा, आई," रुख्मिणी भांडं पुसत म्हणाली. "गूळ मंग मागून कालवायचा."