फुंकर महाराजांची करंगळी

तळ्याच्या काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मॉडेल बोटींच्या क्लबची रविवारची शर्यत म्हणजे एरवी चार टकली डोकी, त्यांच्या हातभर लांबीच्या, इंजिनावर चालणाऱ्या बोटी आणि गाडीत पेंगणाऱ्या त्यांच्या बायका. पण फुंकर महाराज यायला लागल्यापासून अख्खी वस्ती लोटत होती.

“मेलेल्या इंजिनात जो प्राण फुंकतो,” चेला माइकवर ओरडत होता, “त्याला माणसाचं हृदय काय जड आहे? बोला, फुंकर महाराज की...”

“जय!” सगळ्यात मोठा आवाज माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा. ओळीत त्यांचीही बोट होती.

मी हॉस्पिटलात हेड सिस्टर आहे. माझ्या नुसत्या खाकरण्याने भलेभले पेशंट निमूट औषध घेतात. आणि घरात अण्णांनी हृदयाच्या गोळ्या बंद केलेल्या. का, तर महाराज म्हणाले.

“अण्णा, आज तरी गोळी घ्या.”

“गोळ्यांनी रक्तात गाळ साचतो. आज बोटीनंतर महाराज माझ्या छातीवर फुंकर घालणार आहेत. मग कायमची सुटका.”

“कशापासून? आमच्यापासून?”

“तुला थट्टाच सुचते.”

थट्टा कसली, भीती वाटत होती मला. अण्णांचे पाय सुजायला लागले होते, आडवं झालं की धाप लागायची, म्हणून ते उशांना टेकून बसल्याबसल्या झोपत होते. हॉस्पिटलात चला म्हटलं की महाराजांचा फोटो दाखवायचे.

महाराजांचा चमत्कार असा. ओळीने मांडलेल्या बोटींवरून ते हात फिरवत जायचे. त्या वेळी चेला कानठळ्या बसतील अशी घंटा बडवायचा. मग मालक दोरी ओढायचा आणि इंजिन ढिम्म. “अहंकाराने यंत्र चालत नाही, बाळा,” म्हणत महाराज पुन्हा हात फिरवायचे, टाकीच्या नळीला तोंड लावून फुंकर मारायचे आणि म्हणायचे, “ओढ.” दोरी ओढताच टर्रर्र. लोक वेडे व्हायचे.

मागच्या रविवारी मी पुढे घुसून नीट बघितलं. माझं अर्धं आयुष्य नळ्यांत गेलंय. सलाईन थांबलं की नातेवाईक देवाचा धावा करतात, मी आधी नळीवरचं चाक बघते. त्या दिवशी एका मालकाने महाराजांच्या आधी स्वतःच फुंकर मारून पाहिली, तर नळीतलं इंधन जागचं हललं नाही. महाराजांनी मारली तर सुळकन पुढे गेलं. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी चाक उघडलं होतं.

घरी येऊन अण्णांना विचारलं, “बोटीत सलाईनच्या चाकासारखं काही असतं का हो?”

“नीडल असते की. एक बारीक सुई. आत फिरवली की इंजिनात इंधन कमी जातं, बाहेर काढली की जास्त. पार आत गेली तर थेंबही जात नाही.”

“मग इंजिन रुसल्यावर ती बघत का नाही कुणी?”

अण्णा असे दचकले, जणू मी घर विकायचं काढलंय. “एकदा लागलेल्या नीडलला मोसमभर हात लावायचा नसतो. क्लबात कुणीच लावत नाही.”

इथे माझी ट्यूब पेटली. चोराला याहून छान जागा कुठे मिळणार? तिकडे बघायचंच नाही असं सगळ्यांनी आपणहून ठरवलेलं.

म्हणून आज पर्समध्ये अण्णांच्या गोळ्या होत्या, आणि नणंदेकडून ढापलेली नेलपॉलिशची बाटली. महाराज शेजारच्या बोटीपाशी आले, तसा मी अण्णांच्या बोटीच्या नीडलवर, ती फिरवायच्या टोपीवर, लाल रंगाचा चांगला जाड थेंब सोडला.

“हे काय करतेस?”

“नजर लागू नये म्हणून.”

हे कारण अण्णांना लगेच पटलं, आणि मला तिथेच कपाळाला हात लावावासा वाटला.

महाराज आले. घंटा घणघणली. हात फिरला. अण्णांनी दोरी ओढली, परत ओढली, धापा टाकत पुन्हा ओढली. इंजिन ढिम्म.

“तुमच्या घरात कुणीतरी शंका धरून बसलंय,” माझ्याकडे बघत महाराज म्हणाले.

“अगदी बरोबर ओळखलंत,” मी म्हटलं. त्यांचा खराखुरा चमत्कार तेवढाच. “महाराज, आधी सगळ्यांना आशीर्वाद द्या ना. दोन्ही हात वर करून, मागच्यांनाही दिसतील असे.”

आशीर्वादाला महाराज कधीच नाही म्हणत नसत. हात वर गेले. उजव्या करंगळीचं लांब नख लालभडक.

लोक माना उंचावून बघू लागले. मग क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, “रंग छान आहे. पण एकाच बोटाला?”

“हे रक्त आहे,” महाराज गरजले. “तुमची पापं मी अंगावर घेतली.”

मी त्यांच्या बोटाशी नाक नेलं. “आमच्या पापांना नेलपॉलिशचा वास येतोय.”

आधी एक बाई फिस्सकन हसली, मग तळं हसलं. मलाही हसू आवरेना. हसले नाहीत ते फक्त अण्णा. ते गुडघ्यांवर बसले, चिमटीत नीडल धरली आणि म्हणाले, “आत गेलीय. पार बुडापर्यंत.”

मग त्यांनी मोसमाचा नियम मोडला. अंदाजाने सुई बाहेर फिरवली, नळीत स्वतः फुंकर मारली. सेक्रेटरींनी दोरी ओढली. टर्रर्र! बोट पाण्यात सुटली आणि सगळी गर्दी काठाकाठाने तिच्यामागे धावली. बाकीचे मालकही आपापल्या नीडलशी झटायला लागले. एकामागून एक इंजिनं सुरू झाली, धुराने खोकला येईस्तोवर. या गोंधळात महाराज कधी सटकले ते कुणालाच कळलं नाही. घंटा मात्र राहिली. ती वाजवायची कशासाठी तेही आता कळलं होतं: सुई फिरताना होणारी बारीक कटकट कुणाच्या कानी पडू नये म्हणून.

फुंकर काही खोटी नव्हती. टाकीत हवा फुंकली की इंधन नळीतून पुढे ढकललं जातं, ते कुणाच्याही तोंडच्या वाऱ्याने होतं. लबाडी होती ती आधीची. चालतं इंजिन नखाने गुपचूप बंद करायचं, मग गुपचूप उघडायचं, आणि मधल्या वेळात लोकांचे हात जोडून घ्यायचे.

अण्णा बाकावर टेकले. “माझ्या डोळ्यांदेखत त्याने माझ्या बोटीला हात घातला गं. आणि मी जय म्हणत होतो.”

“सगळेच म्हणत होते. आता इथून थेट हॉस्पिटल.”

“चल.” त्यांनी हात पुढे केला. “आणि ती गोळी दे.”

मी गोळी दिली, पाण्याची बाटली उघडली. पण अण्णा ती तोंडात टाकेनात. तळहातावर घेऊन निरखत राहिले.

“ही नेमकं करते काय?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आधी डॉक्टर म्हणाले म्हणून घेतली, मग महाराज म्हणाले म्हणून सोडली. मी बाकावर शेजारी बसले आणि हृदय, रक्त, पायांची सूज, सगळं सांगितलं. त्यांनी मध्येमध्ये अडवून शंका काढल्या. एकीचं उत्तर मलाही आलं नाही.

“ते डॉक्टरांना विचारू,” म्हणाले, आणि गोळी गिळली.

तेव्हा बाबांनो, बंद पडलेलं काही कुणी फुंकरीने सुरू करून दाखवलं, तर हात जोडण्याआधी ते बंद कसं पडलं ते बघा. आणि जिथे हात लावायचा नाही असं सगळे म्हणतात, तिथे आधी हात लावून बघा.